डिझेलच्या काट्याची साक्ष

मी एका जुन्या ट्रकमधला डिझेलचा काटा आहे. स्टिअरिंगमागच्या फळीवर आम्ही पाच काटे: वेगाचा, हवेचा, उष्णतेचा, ऑइलचा आणि मी. वेगाचा काटा सहा वर्षांपासून शून्यावर पडून आहे. ऑइलचा कधीच गळून गेला, नुसती तबकडी उरली. म्हणजे धडधाकट आम्ही तिघेच.

मित्रांनो, मी डिझेल कधी पाहिलेले नाही. टाकीत एक तरंगता डबा आहे. डिझेल वाढले की तो वर येतो, घटले की खाली जातो आणि त्याचा निरोप वायरीतून माझ्यापर्यंत पोहोचतो. निरोप येईल तसा मी हलतो. हे काम मी बावीस वर्षे चोख केले.

हा ट्रक निपाणीजवळच्या परशरामआप्पांचा. ऊस भरायचा आणि संकेश्वरच्या बाजूच्या कारखान्यावर नेऊन टाकायचा. अंबाजी पहिल्या दिवसापासून त्याचा ड्रायव्हर. कारखान्याच्या रांगेत तो ऐटीत सांगायचा, “आमचा काटा कधी खोटं बोलत न्हाय.” ते ऐकून मी काचेआड फुलून जायचो.

यंदा खंडेनवमीला अंबाजीने पूजेसाठी ट्रक धुतला. टाकीचा गंज खरवडला, वरचे स्क्रू काढून तिला लालभडक रंग दिला, स्क्रू परत बसवले, झेंडूची माळ घातली. त्या दिवसापासून मला निरोप नीट येईना. टाकी भरली तरी मी निम्म्यावर चढेना.

हंगाम सुरू झाला. एका सकाळी आप्पांनी किल्ली फिरवली आणि मला पाहून ते भडकले.

“परवा टाकी भरली, खेपा झाल्या दोन, आन् काटा पाववर? डिझेल कुठं जातंय अंबाजी?”

“आप्पा, मी काठी बुडवून बघितली. पाऊण टाकी हाय.”

“काठी तुझी, खुणा तुझ्याच! काटा खोटं बोलत न्हाय, असं तूच सांगत हुतास न्हवं? उद्यापासनं येऊ नगंस.”

 अंबाजी खाली मान घालून उभा राहिला. बावीस वर्षांचा इमानी माणूस माझ्या साक्षीवर चोर ठरत होता आणि मला तोंड नव्हते.

तेवढ्यात आप्पांची मुलगी मंजुश्री बाहेर आली. ती नुकतीच बी.एस्सी. झालेली.

“आप्पा, किल्ली चालू ठेव. मी बघते.”

“तू काय मेकॅनिक हाईस?”

“न्हाय. म्हणून तर आधी बघणार, मग बोलणार.”

तिने टाकीत पोलादी पट्टी बुडवली. टाकी चौकोनी, आतून चाळीस सेंटिमीटर उंच. पट्टी तीस सेंटिमीटर भिजली.

“पाऊण टाकी. अंबाजीआण्णांची काठी खरी.”

“मग काटाच बाद झालाय. काढून टाकू,” आप्पा म्हणाले.

“थांब की!” तिने टाकीवरची वायर सोडवून तिचे टोक क्षणभर ट्रकच्या उघड्या लोखंडाला टेकवले. “काटा कुठं गेला?”

“पार फुलवर गेला की गं!”

“म्हणजे काटा चांगला, वायरबी चांगली.”

तिने ती वायर जागेवर लावली. मग तरंगता डबा ज्याला टांगलेला असतो ते टाकीवरचे झाकण आणि ट्रकचे लोखंड दुसऱ्या एका तारेने जोडले. मी सरसर चढलो आणि पाऊणवर थांबलो.

टाकी रबराच्या पट्ट्यांवर बसवलेली असते. त्यामुळे वीज परत फिरायला झाकणावरच्या स्क्रूखालची अर्थिंगची वायर हीच एक वाट. मंजुश्रीने तो स्क्रू काढला. वायरीच्या कडीखाली लाल रंगाचा जाड थर होता; वीज तिथेच अडखळत होती.

“आण्णा, रंग कुणी दिला?”

अंबाजीने कपाळावर हात मारला. “मीच की गं! पूजेचं काम म्हणून चांगले दोन हात दिले.”

“लेका, आपल्याच हातानं चोर झालास की रं!” आप्पांना हसू आवरेना. मग ते खाली उतरले आणि किल्ली त्यांनी अंबाजीच्या हातात ठेवली. “चुकलं माझं. जा, खेप भर.”

अंबाजीने पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत घासले आणि स्क्रू आवळला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जरूर सजवा, पण आमच्या जोडांवर रंग चढवू नका. आणि आमच्या शब्दावर कुणाला दोषी ठरवण्याआधी एकदा पट्टी बुडवून बघा.

चौथ्या दिवशी आणखी दोन खेपा करून ट्रक परतला. अंबाजीने पट्टी बुडवली. ती वीस सेंटिमीटर भिजली. मी निम्म्यावर होतो.