अकरा संघ, आठ सामने

आठांपैकी चार सामने जिंकूनही हायलँड विद्यापीठाची पोरं प्लेऑफला मुकली, तेव्हा सगळ्यांत जास्त राग आला तो ब्लांच तुस्कानोला. ती ना खेळाडू, ना कोच. किचनरमधल्या त्या लहानशा विद्यापीठाच्या स्पोर्ट्स ऑफिसात बसून ती संघाच्या बसेस ठरवायची, हॉटेलं बुक करायची. वसईच्या सांडोरहून ती नवऱ्याबरोबर, केनेथबरोबर, कॅनडात आली त्याला बावीस वर्षं झाली होती आणि या नोकरीला बारा.

वसईला फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा फुटबॉल. पावसाळा ओसरला की गावागावांत स्पर्धा, आणि ब्लांचचे वडील त्या स्पर्धांचे ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्याच्या चिठ्ठ्या, कुणाची भीड न धरता काढणारे म्हणून चर्चच्या साऱ्या पॅरिशमध्ये माहीत. इथला फुटबॉल निराळाच. डोक्यावर हेल्मेट, काखेत लांबट चेंडू, आणि पळणाऱ्याला आडवं पाडायला टपून बसलेली बारा धिप्पाड पोरं. पहिली दोन वर्षं तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. तिसऱ्या वर्षी कळलं आणि मग काही ते सुटेना. शनिवारी दुपारी ब्लांच घरी नाही, हे केनेथने कधीच मान्य करून टाकलं होतं.

त्या वर्षी घडलं ते असं. त्यांच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या लीगमध्ये, अकरा विद्यापीठं. प्रत्येकाने आठ सामने खेळायचे, वरच्या सहांनी प्लेऑफला जायचं. सहाव्या जागेसाठी हायलँड आणि बेफील्ड बरोबरीत आले. दोघांचे चार-चार विजय. दोघांची आपसांत गाठच पडली नव्हती, म्हणून गुणांच्या फरकावर निकाल लागला आणि बेफील्ड आत गेलं. नियमाप्रमाणेच झालं सगळं. पण ब्लांचला एक गोष्ट खुपत राहिली. किंग्जब्रिज आणि वेस्टमोर हे कॉन्फरन्समधले दोन बलाढ्य संघ बेफील्डच्या वाट्याला आलेच नव्हते. हायलँडने दोघांकडून मार खाल्ला होता, आणि वेस्टमोरशी तर शनिवारी एक सामना खेळून पुढच्याच बुधवारी.

तिच्याकडे सहा वर्षांच्या फायली होत्या, बसेसच्या आणि साऱ्या कॉन्फरन्सच्या वेळापत्रकांच्याही. कोण कुठे, कधी, किती दिवसांच्या विश्रांतीनंतर गेलं, सगळं त्यात होतं. नोव्हेंबरातले दोन शनिवार ती घरच्या बेसमेंटमध्ये त्या उलगडून बसली. किंग्जब्रिज आणि वेस्टमोर सहा वर्षांत एकमेकांशी दोनदाच खेळले होते. हायलँड मात्र दरवर्षी दोघांशी. यात कुणाची लबाडी नव्हती. दरवर्षी कमिटी जुनं वेळापत्रक पुढे ओढायची, कुणाची तरी अडचण म्हणून एखादा सामना इकडचा तिकडे करायची, आणि ज्यांचा आवाज मोठा त्यांच्या अडचणी आधी सुटायच्या. पाणी उताराकडे जातं तसं ते वेळापत्रक हळूहळू मोठ्यांच्या सोयीकडे वाहत गेलं होतं.

तिने कोच डेल क्रोझियरला कागद दाखवले. डेल तिथे नऊ वर्षं होता, मनाने चांगला, पण त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं. प्लेऑफला सहाऐवजी आठ संघ घ्यायचे. तसं झालं की हायलँड आपोआप आत.

"आणि मग नवव्याने काय करायचं?" ब्लांचने विचारलं.

 डेलने कागद ठेवून घेतले, आणि दोन दिवसांनी येऊन म्हणाला की तक्रार सगळेच करतात, तुझ्याकडे दुसरं वेळापत्रक असेल तर ते दाखव.

ते तिच्याकडे नव्हतं. पण ते कुणाकडे मिळेल हे तिला ठाऊक होतं.

मृणालिनी परचुरे रेजिनाच्या विद्यापीठात गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. परीक्षांचं वेळापत्रक बसवायचं कामही एकोणीस वर्षं त्यांच्याचकडे होतं. यजमान गेल्यावर मुलाजवळ असावं म्हणून त्या टोरांटोजवळच्या रिचमंड हिलला काँडो, म्हणजे फ्लॅट, घेऊन राहत होत्या. ब्लांचची त्यांची ओळख मराठी मंडळाच्या पिकनिकला झाली. दीडशे माणसं तीन बसेसमधून नेली-आणली आणि कुणाला दहा मिनिटंसुद्धा ताटकळावं लागलं नाही, हे पाहून त्या मुद्दाम हे कुणी ठरवलं म्हणून शोधत आल्या होत्या. तेव्हापासून महिन्यातून एखादा रविवार ब्लांच चर्चमधल्या मासनंतर त्यांच्याकडे जायची.

या वेळी मृणालिनीताईंनी सगळं ऐकून घेतलं, चहा बाजूला सारला आणि फडताळातून अकरा स्टीलच्या वाट्या काढून जेवणाच्या टेबलावर गोल मांडल्या.

"प्रत्येकाला प्रतिस्पर्धी दहा, खेळायचे आठांशी. म्हणजे दरवर्षी दोघं सुटणार. बरोबर?"

"सुटणारे कोण, यावरच तर सगळं भांडण आहे, ताई."

"मग सुटणंच सारखं वाटून द्यायचं." त्यांनी एका वाटीवर बोट ठेवलं. "हे तुझं हायलँड. पहिल्या वर्षी डावीउजवीकडचे शेजारी सुटले. दुसऱ्या वर्षी त्या शेजाऱ्यांच्या पलीकडचे दोघं. तिसऱ्या वर्षी त्यांच्याही पलीकडचे. मोज तू."

ब्लांच मोजत गेली. पाचव्या वर्षी तिची बोटं समोरच्या दोन वाट्यांवर पोचली आणि मोजायला एकही वाटी उरली नाही. पाच वर्षांत प्रत्येकजण प्रत्येकाला बरोबर एकदा सोडणार, ना कमी ना जास्त. तिने दुसऱ्या वाटीपासून मोजलं, मग तिसऱ्या. दर वेळी तेच. समजलं ना, असं मृणालिनीताईंनी विचारलं.

"समजलं. पण कुठली वाटी कुणाची, ते कोण ठरवणार?"

"चिठ्ठ्या टाकायच्या. त्यात माणसाचा हात नको."

पुढचे चार रविवार दोघींनी आठवडे बसवण्यात घालवले. गणित मृणालिनीताईंचं. पण शुक्रवारी दुपारी ४०१ हायवेवर बस कुठे अडकते, थँक्सगिव्हिंगच्या वीकेंडला कुठल्या गावात हॉटेल मिळत नाही, हे ब्लांचलाच माहीत. दोन सामन्यांमध्ये कुणालाही सहा दिवसांहून कमी विश्रांती मिळता कामा नये, ही अट तिची. त्या एका अटीपायी मृणालिनीताईंना सगळं दोनदा मोडून पुन्हा बांधावं लागलं. त्यांनी ते कुरकुरत, पण मोठ्या आनंदाने केलं.

मार्चमध्ये टोरांटोच्या एका हॉटेलात कॉन्फरन्सची सभा भरली. पहिले दोन तास सहा संघ की आठ, यातच गेले. प्रत्येक वक्ता आपण गेल्या वर्षी कितवे होतो त्याप्रमाणे बोलत होता. जेवणानंतर डेल उठला, आमच्या ऑफिसकडून एक सूचना आहे म्हणाला, आणि ब्लांचला पुढे बोलावून स्वतः खाली बसला. तिला वाटलं होतं की आपल्याला फक्त स्लाइड्स बदलायच्या आहेत.  पण सहा वर्षांच्या फायली तिला तोंडपाठ होत्या, आणि एकदा आकडे सुरू झाल्यावर ती थांबली नाही. कुणाला दोष न देता तिने कोण कुणाशी किती वेळा खेळलं ते दाखवलं. मग ते वर्तुळ दाखवलं.

"प्लेऑफला सहा घ्या नाहीतर आठ घ्या, ते तुम्ही ठरवा," ती शेवटी म्हणाली. "पण त्या दारापर्यंतची वाट सगळ्यांना सारखी पाहिजे. ती सारखी नसेल तर आत कोण आलं याला काही अर्थ नाही."

ठराव मंजूर व्हायला अकरांतली आठ मतं लागणार होती. सात हात लगेच वर आले. चेअरमनने पुन्हा विचारलं. आणि आठवा हात वर आला तो किंग्जब्रिजच्या म्हाताऱ्या कोचचा. तो म्हणाला की तुम्ही खऱ्या संघांना कुठे हरवलंत, हे ऐकून ऐकून माझी पोरं कंटाळली आहेत.

चिठ्ठ्या तिथेच निघाल्या. हायलँडच्या दोन्ही बाजूंना बसले ते कॉन्फरन्समधले सगळ्यांत दुबळे दोन संघ. म्हणजे पहिल्या वर्षी सुटणार तेच, आणि उरलेले आठ तगडे संघ हायलँडच्या वाट्याला. सभागृहात थोडं हसू पसरलं. ब्लांचलाही हसायला आलं असतं, पण तेवढ्यात शेजारी डेलचा चेहरा दिसला.

परतताना गाडीत मिल्टन गावाजवळ डेलने विषय काढला. म्हणाला की पाच वर्षांतलं कुठलं वर्ष आधी घ्यायचं हे ठरावात लिहिलेलं नाही. चेअरमनने पक्कं वेळापत्रक करायचं काम ब्लांचवरच सोपवलंय. तिसऱ्या वर्षी आपल्याला किंग्जब्रिज आणि वेस्टमोर सुटतात, तिथून सुरुवात केली तर कुणाला हरकत घेता येणार नाही.

"मी हात लावला तर ते वेळापत्रक माझं होईल, डेल. आज ते कुणाचंच नाही, म्हणून तर आठ जणांनी मान्य केलं."

"दोन सामने जिंकून सीझन संपला तर माझी नोकरी जाईल, ब्लांच."

ते खोटं नव्हतं, हे तिला माहीत होतं. त्याची मुलं शाळेत होती. घरी आल्यावर तिने केनेथला सगळं सांगितलं, आणि त्याने सल्ला न देता फक्त तुझ्या वडलांनी काय केलं असतं, एवढंच विचारलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वेळापत्रक जसं निघालं तसंच, पहिल्या वर्षापासून, कॉन्फरन्सला पाठवलं.

ऑगस्टमध्ये प्रीसीझन रँकिंग लागलं. किंग्जब्रिज पहिलं, हायलँड दहावं. एका वार्ताहराने लिहिलं की हायलँडने स्वतःसाठीच खड्डा खणलाय. पहिले दोन सामने पोरं हरली, त्यातला एक वेस्टमोरकडून, तीस गुणांनी. त्या परतीच्या बसमध्ये ब्लांच ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली आणि किचनर येईपर्यंत मागे वळून बघायची तिला हिंमत झाली नाही.  डेल तिला रागावून बोलला असता तर बरं, असं तिला वाटलं.

तिसऱ्या सामन्यापासून वारं फिरलं. आधीच्या वर्षांत या सुमाराला अर्धा संघ पट्ट्या बांधून बाकावर बसलेला असे. या वेळी प्रत्येक सामन्याआधी पुरती विश्रांती मिळालेली, पाय ताजे. शिवाय रोज तगड्यांशीच गाठ पडत असल्याने पोरांची भीती मोडली होती. पुढच्या पाचांतले चार सामने त्यांनी जिंकले. एक पावसात, एक शेवटच्या चार मिनिटांत अकरा गुणांची पिछाडी भरून काढून. बेफील्डला तर त्यांच्याच मैदानावर हरवलं.

शेवटचा सामना उरला तो घरच्या मैदानावर, एकही सामना न हरलेल्या किंग्जब्रिजशी. जिंकलं तर प्लेऑफ, नाहीतर नाही.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार, कडक ऊन आणि बोचरी थंडी. मृणालिनीताई मुलाला, क्षितिजला, गाडी काढायला लावून रिचमंड हिलहून आल्या होत्या. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण फलकावरचे आकडे कळत होते. पंधरा सेकंद राहिले तेव्हा वीस-वीस बरोबरी होती आणि चेंडू हायलँडकडे. डेलने किक मारून चेंडू दोन खांबांमधून घालवायला ओवेन मार्टिनला पाठवलं, सेंट जेकब्सकडच्या शेतकऱ्याचा अबोल मुलगा. अंतर शेहेचाळीस यार्डांचं. चेंडू उंच गेला आणि वाऱ्याने वाकून खांबाच्या डावीकडून निसटला. स्टँडमधून एकच सुस्कारा निघाला.

"हुकलं ना गं?" मृणालिनीताई हळूच म्हणाल्या.

"थांबा, ताई. अजून आहे."

कॅनडाच्या फुटबॉलमध्ये चुकलेल्या किकलाही एक संधी असते. चेंडू गोलरेषेमागच्या एंड झोनमध्ये पडला आणि समोरच्या संघाला तो बाहेर आणता आला नाही, तर एक गुण मिळतो. किंग्जब्रिजच्या पोराने रेषेच्या बरंच मागे चेंडू झेलला आणि उजवीकडे धावत सुटला. एकाला हुलकावणी दिली, दुसऱ्याला. रेषा तीन पावलांवर असताना हायलँडच्या दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन खाली आणलं. पंच वाकून बघत राहिला. मग त्याने सरळ होऊन एक हात वर केला, एक बोट आकाशाकडे.

एकवीस-वीस. घड्याळात एकही सेकंद उरला नव्हता.

ब्लांच नंतर सांगायची की त्यापुढचं तिला नीट आठवत नाही. मृणालिनीताईंना मात्र आठवत होतं. ब्लांचने त्यांना इतकं घट्ट धरलं की चष्मा वाकला.

प्लेऑफला अजून सहाच संघ होते, आणि हायलँड सहावं आलं. सहाव्याने तिसऱ्याच्या घरी जाऊन खेळायचं, म्हणजे पुन्हा वेस्टमोर, ज्यांनी तीस गुणांनी झोडपलं होतं ते. या वेळी सत्तावीस-सतरा, हायलँड. चौदा वर्षांत संघाने जिंकलेला हा पहिला प्लेऑफ. पोरं चिखलात लोळत होती, आईबाप कुंपण ओलांडून मैदानात शिरले होते, आणि ब्लांच बाजूला उभी राहून बस कुठल्या गेटला बोलवायची ते ड्रायव्हरला फोनवर सांगत होती.

डेल तिच्यापर्यंत चालत आला. टोपी हातात, केस घामाने चिकटलेले. फोन संपेपर्यंत तो थांबला.

"त्या दिवशी गाडीत मी तुला जे करायला सांगितलं होतं," तो म्हणाला, "ते तू केलं असतंस तर आपण कदाचित असेच इथे आलो असतो. पण मला हे असं वाटलं नसतं."

 तेवढ्यात ओवेन आणि आणखी चौघं आले. फोटो काढायचा होता आणि त्यांना मिस ब्लांच हवी होती. ती नको नको म्हणत होती, माझे बूट चांगले आहेत म्हणत होती. त्यांनी ऐकलं नाही. दोघांनी तिला दोन्ही हातांना धरलं आणि चिखलातून थेट मधोमध नेऊन उभं केलं, आणि साठ पोरं तिच्याभोवती गोळा झाली.