पास होता, जागा नव्हती

नाताळात गिलेमने आईबापांना युरोपभर फिरायचे दोन रेल्वे पास पाठवले. ‘महिनाभर हिंडा, पण आधी माझ्याकडे या,’ एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्याच्या बापाने, फेलिऊने, तो निरोप वाचला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. पोरगा स्पेनमधली बापाची बेकरी सोडून फ्रान्सात लिऑनला गेला, त्याला सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून बापलेकांचा अबोला होता. म्हातारा मोठा हट्टी. भट्टीतला पाव करपला तरी चालेल, पण आधी तोंड उघडणार नाही.

“जायचं कधी?” त्याची बायको रमेई विचारायची.

“पास आहे ना हातात? वाटेल त्या दिवशी, वाटेल त्या गाडीत चढायचं. घाई कसली?”

“शेजारची तेक्ला म्हणते, जागा वेगळी राखावी लागते.”

“तेक्लाला सगळंच ठाऊक असतं. तिला म्हणावं, रेल्वेमंत्री हो.”

जूनमधल्या सांत जोआनच्या सणाच्या आदल्या सकाळी सुनेचा फोन आला. गिलेमच्या हृदयानं दगा दिला होता, डॉक्टरांना भरवसा वाटत नव्हता. दोघं होती तशी गावच्या, जिरोनाच्या स्टेशनवर पोचली.

तिकीट खिडकीतल्या मुलीने पास पाहिले. “बाई, पास म्हणजे तुमचं भाडं भरलेलं. जागा त्यात येत नाही. लिऑनच्या थेट जलद गाडीत जागा राखल्याशिवाय चढू देत नाहीत, आणि पासवाल्यांसाठी जागा मोजक्याच असतात. एकच उरलीय.”

“मग एक साधं तिकीट दे,” रमेई म्हणाली.

“तीही संपली. सणाची गर्दी आहे ना. साध्या गाड्यांना जागा राखावी लागत नाही, तिथे पास चालतो. पण सरहद्दीवर बदला, नार्बोनला बदला, पुढे आणखी बदला. पोचेपर्यंत अंधार पडेल.”

फेलिऊने बायकोकडे पाहिलंसुद्धा नाही. “तू जा,” तो म्हणाला. “अशा वेळी आई लागते.”

रमेईला जायचं होतं. धावत सुटावं इतकं जायचं होतं. पण ती दर रविवारी लेकाशी बोलायची, आणि हा माणूस सहा वर्षं मूग गिळून बसलेला. आज राहिलं तर कायमचंच राहिलं.

“तूच जा. तुझं बोलायचं राहिलंय. माझं काही राहिलेलं नाही,” ती म्हणाली. साफ खोटं होतं ते. आईचं बोलणं कधी संपतं का? “आणि फोनवर मला काही सांगू नकोस. मी आल्यावर सांग.”

मग ती गाड्या बदलत राहिली. नवऱ्याचा राग आला, पासाचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. सरहद्दीवरच्या फलाटावर ती एकटीच बाकावर बसून होती आणि पुढची गाडी येता येत नव्हती. कुणाला जागा दिली आपण, असं तिच्या मनात येई, आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटे.

लिऑनला उतरली तेव्हा दिवे लागले होते. फेलिऊ फलाटावरच उभा होता. एवढ्या वेळी तो लेकाला सोडून इथे आला, यातच तिला सगळं कळलं.

“बोललास?” तिने विचारलं.

“बोललो. माफी मागितली. तो म्हणाला, ‘बाबा, मग आज भट्टी कोण बघतंय?’ हसला गं.”

रमेईने त्याचा हात धरला. निदान एवढं तरी झालं.

“मग तुझ्याबद्दल विचारलं त्याने. ‘आई कुठाय?’ काय सांगू मी? जागा मिळाली नाही म्हणून सांगू? म्हटलं, खाली आहे. आलीच.”

“मग?”

“मग माझ्याकडे बघितलंच नाही त्याने, रमेई. शेवटपर्यंत दाराकडे बघत होता.”