भोंग्याची रवानगी

"कुत्रं पाठवायचं तर पाठव, पोरी. पण आधी आठवडाभर नुसती बसून बघ, ते काय करतं आणि तुझा बाप काय करतो," असं आत्यानं फोनवर बजावलं होतं. "हो गं आत्या, बघते," म्हणून तिनं फोन ठेवला आणि पाळण्यातल्या बाळाच्या कपाळाला पुन्हा हात लावून पाहिला.

बघण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. दूध किती गरम आहे, झोपेत बाळाचा श्वास नीट चाललाय ना, फरशीवर कुठे बटण तर पडलं नाही, सगळीकडे तिचे डोळे. घरात आणखी दोन माणसं होती, तिचा नवरा आणि तिचे वडील. पण ती मोठी होती, आपापलं बघायला समर्थ होती.

वडील चर्चचे पाळक. आई गेल्यापासून चर्चला लागून असलेल्या त्या घरात त्यांच्या सोबतीला होती पिंजऱ्यातली दोन पाखरं आणि एक तांबडं, लांब कानांचं कुत्रं. बाळ झाल्यापासून ती आणि नवराही तिथेच राहायला आले होते. त्याचं भोंगा हे नाव चर्चला येणाऱ्या मंडळींनीच ठेवलेलं. फाटकाशी कुणी आलं रे आलं की तो घर डोक्यावर घ्यायचा, मग धावत जाऊन बाबांच्या गुडघ्यावर पंजा ठेवायचा आणि पुन्हा दाराकडे पळायचा. चहात बुडवलेलं पहिलं बिस्किट त्याचं, दुसरं बाबांचं. शनिवारी बाबा त्याला समोर बसवून उद्याचा उपदेश वाचून दाखवायचे. "याला झोप लागली की मी एक पान काढून टाकतो," असं ते म्हणायचे. "मंडळी याचे उपकार मानतात."

पण भोंगा भुंकला की बाळ दचकून उठायचं आणि तासभर रडायचं. बेल वाजली तरी तेच. बेलची वायर तिनं काढूनच टाकली. कुत्र्याला नवऱ्याच्या मित्राच्या गोदामावर पाठवायचं ठरलं. बाबांना विचारल्याशिवाय नाही हं, तेवढी ती शहाणी होती! बाबा मोरीत पिंजऱ्याचा तळ घासत होते, नळ चालू होता. दारातूनच ती म्हणाली, "बाबा, भोंग्याला थोडे दिवस गोदामावर ठेवू या का? बाळासाठी?"

"छान, छान," बाबा मान न वळवता म्हणाले.

भोंगा गाडीत बसला त्या दिवशी बाबा हातात पट्टा धरून दारात उभे राहिले. काहीतरी विचारावं तसे ओठ हलले. मग त्यांनी पट्टा जावयाच्या हातात दिला आणि आत गेले. तिला वाटलं, वाईट वाटतंय, वाटणारच. होईल सवय.

घर शांत झालं. बाळ झोपू लागलं. ती खूश होती, अगदी मनापासून खूश, आणि नंतर तिला सर्वांत जास्त बोचलं ते हेच.

रविवारी प्रार्थना संपली. चर्चच्या आवारात मंडळी घोळक्यानं उभी होती. कोपऱ्यावरच्या दुकानातला शिंपी गर्दीतून वाट काढत बाबांसमोर आला. एरवी बाबांच्या झग्याची शिवण उसवली की हक्कानं रागवणारा माणूस. आज त्यानं जमिनीकडे बघत, दबक्या आवाजात सुरुवात केली.

"पाळकसाहेब, बायकोचं ऑपरेशन होतं. घाबरली होती. म्हणाली, पाळकांना बोलवा, प्रार्थना करू दे, मग नेऊ दे मला. मी भरदुपारी तुमचं दार बडवलं. लेक बाळाला घेऊन बाहेर पडलेली, घरी तुम्ही एकटेच. खिडकीतून दिसत होतात तुम्ही. पाखरांना दाणे घालत होतात, शीळ वाजवत होतात. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काय विचारलं ठाऊक आहे? पाळक आले होते का? मी खोटं बोललो. आले होते, म्हटलं. तुमची लाज राखली."

बाबा हसले. त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "छान, छान! देव भलं करो."

शिंप्यानं त्यांचा हात खांद्यावरून काढला आणि तो निघून गेला. ती बाळाला कडेवर घेऊन शेजारीच उभी होती. ते शब्द तिच्या ओळखीचे होते. मोरीतलं "छान, छान" असंच होतं. बाबांनी तेव्हा होकार दिलाच नव्हता. कुणीतरी बोलतंय एवढंच कळलं असेल, शब्द ऐकूच आले नव्हते.

घरी आल्यावर ती त्यांच्या समोर बसली. "बाबा, किती दिवस झाले?"

बाबांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. चोरी करताना सापडलेल्या मुलासारखे ते कानकोंडे झाले. "तुझ्या लग्नाच्या आधीपासून कमी होतंच. आता समोर तोंड असलं तर कळतं. दुःख ऐकणं हेच तर माझं काम, मुली. कान गेलेला पाळक मंडळी ठेवतील का? भोंगा होता तोवर निभावत होतं."

"मग त्याला नेताना बोलला का नाहीत?"

"तू विचारलं असशील आणि मी हो म्हणालो असेन. काय विचारलंस, असं कुठल्या तोंडानं विचारू?"

तिला त्यांच्याकडे बघवेना. "मी शिंपीकाकांना सांगून येते. चूक माझी आहे."

"तुझी तू सांग, माझी मी सांगतो. बरोबर जाऊ."

बाळाला नवऱ्याकडे देऊन दोघं निघाली. दुकानात मशीन चालू होतं. शिंप्यानं वर पाहिलं नाही. बाबा स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. "मला ऐकू येत नाही. दारही ऐकलं नाही आणि मघाशी बोललास तेही नाही. हे मी सगळ्यांपासून लपवलं. आता सांग. मोठ्यानं."

शिंप्यानं चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं. "एक शब्दसुद्धा नाही?"

"नाही."

मग तो ओरडूनच सांगू लागला. "ती घाबरली होती! मी एकटा होतो!" समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. सगळी गल्ली ऐकत होती. बाबांचं गुपित आता गुपित राहिलं नव्हतं, आणि बाबा मान हलवत एकेक शब्द ऐकत होते.

आतल्या खोलीतून त्याच्या बायकोचा बारीक आवाज आला, "अहो, कोण ओरडतंय?"

"पाळक आलेत!"

"पुन्हा आले?"

शिंप्यानं आतल्या खोलीच्या पडद्याकडे पाहिलं. बाबांना आतलं काहीच ऐकू आलं नव्हतं, ते त्याच्या तोंडाकडे बघत होते. एक "हो" म्हटलं की शिंपी सुटणार होता, बाबा सुटणार होते, तीही सुटणार होती. ती पडदा सारून आत गेली. खाटेवर पडलेल्या बाईनं हसून हात पुढे केला. तो हात धरायची तिची हिंमत झाली नाही.

"नाही काकू. आज पहिल्यांदाच आलेत. त्या दिवशी ते आले नव्हते. काका तुमच्यासाठी खोटं बोलले. दार उघडलं गेलं नाही ते माझ्यामुळे."

बाईनं पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाली, "त्यांना आत तर येऊ दे."

परतताना त्यांनी गोदामावरून भोंग्याला घरी आणलं. बाबांचं काय करायचं, हे मंडळींनी अजून ठरवलेलं नाही.

वाचणाऱ्यांनो, तिचं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातही एखादं माणूस असेल, ज्याचा आपल्याला काही म्हणता काही त्रास नाही, असं तुम्ही कौतुकानं सांगत असाल. आज त्याच्या खोलीत जा. जरा वेळ बसा आणि त्याचं कसं चाललंय ते बघून या.