चूलबंद आवतण

शहाद्याच्या सेवासंगम क्लबात कागदावर बेचाळीस सदस्य होते आणि मीटिंगला यायचे सहा. त्या सहांतले दोघे तर केवळ हॉलमधल्या एसीसाठी यायचे. अध्यक्ष झाल्यापासून आठ महिने फाल्गुनी या सहा जणांसमोर माइक लावून बोलत होती. ग्रुपवर मीटिंगचा मेसेज टाकला की चाळीस अंगठे उमटायचे, आणि अंगठे दाखवणारे त्या संध्याकाळी आपापल्या गल्ल्यावर निवांत बसलेले असायचे.

मग धुळ्याहून विभागाचं पत्र आलं. शनिवारच्या मीटिंगला निम्मे, म्हणजे एकवीस सदस्य हजर नसतील तर शाखा बंद, आणि शाखेचं रुग्णसाहित्य धुळ्याला जमा. रुग्णसाहित्य म्हणजे आठ खाटा, दहा-बारा वॉकर, चाकाच्या खुर्च्या आणि प्राणवायूची दोन यंत्रं. गरजू माणूस यायचा, फुकट घेऊन जायचा, बरा झाला की परत आणायचा. धडगावच्या डोंगरातला माणूस बापासाठी खाट आणायला दीडशे किलोमीटर धुळ्याला जाणार होता थोडाच? फाल्गुनीला त्या विचारानं जेवण जाईना.

दुःख आणखी एक होतं आणि ते घरातलंच होतं. ही खाटांची कल्पना ज्यांची, ते सदस्य नंबर एक चंपालालजी म्हणजे तिचे सासरे. तीन वर्षांपूर्वी वर्धापनदिनाच्या सत्कारात त्यांचं नाव घ्यायचं राहून गेलं. शाल-नारळ तालुक्यातल्या सगळ्यांना मिळाले, संस्थापकाला नाही. तेव्हापासून त्यांनी क्लबच्या पायरीवर पाय ठेवला नव्हता. आणि त्यांच्या राजस्थानी घरातली रीत अशी, की सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. अख्ख्या क्लबची अध्यक्ष फाल्गुनी, पण सासऱ्यांना मीटिंगचं निमंत्रण द्यायचं तर ते सासूबाईंच्या तोंडून.

तेव्हा तिनं मोबाइल बाजूला ठेवला आणि दगाआबांना बोलावलं. दगाआबा म्हणजे गावातलं हक्काचं आवतण. लग्न असो, बारसं असो, चाळीस वर्षं तेच दारोदार फिरून सांगणार. त्यांनी दारात उभं राहून सांगितलं की नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. फाल्गुनीनं बेचाळीस नावांची यादी दिली, मीटिंग शनिवारी सातला, नंतर जेवण, एवढं सांगितलं आणि केटररला चाळीस माणसांची वरण-बट्टी सांगून टाकली.

शनिवारी दुपारी दगाआबा घामाघूम होऊन आले.

"ताई, यादीना बठ्ठा घरं व्हयनात. कोणी नई म्हणं नई."

फाल्गुनीनं त्यांना ताक दिलं आणि मनातल्या मनात एक उडी मारली.

साडेपाचला ती हॉलवर खुर्च्या पुसत होती, तर फाटकातून बायका-पोरांचा एक जथा आत आला. मागे काठी टेकत एक आजोबा. पाठोपाठ दुसरा जथा. ही गावातली जैन घरं होती. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून लवकर आली होती, आणि ताटं कुठं मांडलीत ते शोधत होती. सहापर्यंत हॉलमध्ये साठ माणसं झाली. त्यांत सदस्य एक.

तिनं दगाआबांना बाजूला घेतलं. "आबा, तुम्ही नेमकं काय सांगितलंत?"

"जे सांगतस तेच. आज तुमनी चूल बंद, बठ्ठा घरले आवतण शे."

"अहो, फक्त सदस्यांना बोलवायचं होतं!"

दगाआबांना ते लागलं. "एकला माणूसले जेवाले बलावानं आनि घरना बाई-पोरे उपाशी ठेवानं? आसं आवतण मी जलममा दिनं नई."

बरोबरच होतं त्यांचं. चूलबंद आवतण म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही, अख्खं घर जेवायला येतं. यादीतल्या सगळ्या घरांच्या चुली आज बंद होत्या. दोनशे माणसं येणार आणि बट्ट्या चाळिसांच्या.

तेवढ्यात सासूबाई आल्या, भूरीबाई. आवतण त्यांच्याही घराला होतं. त्यांनी एका नजरेत हॉल पाहिला, पातेली पाहिली, सुनेचा चेहरा पाहिला. घरात मारवाडी बोलणाऱ्या भूरीबाई चारचौघांत पक्क्या शहाद्याच्या होत्या.

"उभी काय शे? परात आन," त्या म्हणाल्या आणि पदर खोचला.

मग जे झालं ते बघायला हवं होतं. कुणी पोराला पिटाळून घरचं पीठ आणलं, कुणी तुरीची डाळ, कुणी तूप. क्लबच्या स्वयंपाकघरात पंधरा बायका कणीक तिंबू लागल्या. जागा पुरेना म्हणून भूरीबाईंनी पलीकडची खोली उघडली, तर आत धूळ खात उभ्या खाटा. एकीनं विचारलं, ह्या कुणाच्या? फाल्गुनीनं सांगितलं तशी ती हातातला गोळा तसाच धरून उभी राहिली. तिची आई कंबर मोडून महिनाभर जमिनीवर झोपत होती, आणि नवरा अकरा वर्षं या क्लबचा सदस्य होता. त्यानं घरी कधी सांगितलंच नव्हतं. दुसरी म्हणाली, आमच्या गल्लीत दोघांना वॉकर लागतो. तिसरी फडकं घेऊन खुर्च्यांची चाकं पुसायलाच बसली. ती दवाखान्यात नर्स होती, कुणाला काय लागतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. फाल्गुनी एकेकीकडे बघत होती. आठ महिने ती चुकीच्या माणसांना हाका मारत होती की काय!

सातला धुळ्याचे विभागीय सचिव करणसिंग आले. गर्दी पाहून आधी खूश झाले, मग त्यांनी चष्मा लावला.

"ताई, मला माणसं नाही मोजायची, सदस्य मोजायचेत. नऊपर्यंत थांबतो."

आठ वाजता हजेरीच्या वहीत सात सह्या होत्या. सव्वाआठलाही सातच. फाल्गुनी फाटकापर्यंत चार चकरा मारून आली. तिला रडू यायला लागलं होतं. अख्खं गाव आत होतं आणि क्लब तरीही बंद पडणार होता.

साडेआठला बाजारातली शटरं पडली. पुढच्या पाच मिनिटांत पहिली स्कूटर आली. मग दुसरी, मग तीन एकदम. घरी जाऊन बघतात तर दाराला कुलूप, ओट्यावर कुणी नाही, आणि शेजारच्या घरालाही कुलूप. भुकेनं कावलेले सदस्य फाटकातून आत येत होते आणि करणसिंग एकेकाला आधी वहीपाशी नेत होते. सही नाही तर ताट नाही, हा नियम भूरीबाईंचा. अकरा झाल्या, पंधरा, अठरा. बायका स्वयंपाकघराच्या दारातून आकडा विचारत होत्या. नऊला दहा कमी असताना वीस झाल्या आणि स्कूटर यायच्या थांबल्या. तीन सदस्य सुरतेला, चार लग्नाला, बाकीच्यांचे फोन लागेनात.

तेवढ्यात फाटकापाशी चंपालालजी दिसले. पांढरं धोतर, हातात घराची किल्ली. पायरीच्या अलीकडे थांबले.

"मी मीटिंगले नई उनू," ते मोठ्यानं म्हणाले. "जेवाले उनू."

भूरीबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या, नवऱ्याकडे बघितलं आणि सुनेकडे वळल्या. "तू अध्यक्ष शे ना? मंग तूच सांग. मी आज निरोप देवाव नई."

सोळा वर्षांत फाल्गुनी सासऱ्यांशी एक वाक्य बोलली नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि पायऱ्या उतरली.

"बाबूजी, तुमच्या खाटा धुळ्याला चालल्यात," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमचं नाव राहिलं, ते चुकलंच. क्लबच्या वतीनं मी माफी मागते. आत या."

चंपालालजींनी आत पाहिलं. नर्सबाई दोन पोरांना खाटेचा स्क्रू कसा पिळायचा ते दाखवत होत्या. एक वॉकर एका आजोबांसोबत हॉलभर फिरत होता. चार बायका कुणाला काय लागतं याची यादी करत बसल्या होत्या. त्यांनी चपला काढल्या, पायरी चढले, वही पुढ्यात ओढली आणि सगळ्यांदेखत सुनेकडे बघून विचारलं, "अध्यक्ष, सही कोठे करानी?"

फाल्गुनीनं बोट ठेवलं.

करणसिंगांनी एकवीस लिहून खाली रेघ मारली, तरी त्यांना उठू देईनात. तेवीस बायका सदस्यत्वाचा अर्ज मागत होत्या, आणि पुढच्या मीटिंगला बट्ट्या कुणाच्या घरच्या यावरून स्वयंपाकघरात जोरात भांडण लागलं होतं.