मागची डावी जागा

“लांबूनच बघ गं ठमे. बोट लावलंस की उमटतं.”

बाबांचा हा आवाज तिच्या कानात कधीचा राहून गेला होता. तेव्हा ती एवढीशी, साहेबांच्या गाडीच्या चाकाहून थोडी उंच. वडील पिवळ्या फडक्याने काळं दार पुसत होते आणि त्या दारात आभाळ हलत होतं. एक ढग सरकत सरकत दाराच्या मुठीपाशी आला. वडिलांनी त्याच्यावरून फडकं फिरवलं, तरी ढग गेला नाही. उलट जास्तच लख्ख झाला. आपले बाबा रोज सकाळी आभाळ धुतात, असं तिला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

आणि आज जुन्या गाड्यांच्या या आवारात, तशाच एका लांब काळ्या गाडीच्या नाकाडावर तिने अख्खा पंजा टेकवला होता. दातांची डॉक्टर झाली होती ती. स्वतःचा दवाखाना होता, दारावर पाटी होती. पंजा उचलला तर खाली ठसा होता, ओला ओला, पानासारखा. तो हळूहळू आटत गेला.

“हीच,” ती म्हणाली.

वडील दोन पावलं मागे उभे होते, हात पाठीशी. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. गाडीकडे ते असे बघत होते, जसं कुणी पूर आलेल्या नदीकडे काठावरून बघावं.

“नजर आहे तुम्हाला, मॅडम!” आवाराचा मालक पुढे आला. सगळा गाव त्याला मामा म्हणायचा. गाड्या विकून विकून त्याच्या बोलण्यालाही पॉलिश चढलं होतं. “माणूस खोटं बोलेल, त्याची गाडी नाही बोलणार. ही उंच गाडी बघा. कंत्राटदाराची. त्याला गाडीतून उतरायचं नसतं, घोड्यावरून उतरायचं असतं. ती पांढरी बघा, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. नव्या पैशाची आहे. प्लास्टिक काढलं की आपण परत पहिल्यासारखे होऊ, ही धास्ती. आणि कोपऱ्यातला तो पोचे पडलेला डबा दिसतोय? त्याचा मालक पिढीजात श्रीमंत. त्याला कुणाला काही दाखवायचंच नव्हतं.”

“आणि आमच्यासारख्या बसने येणाऱ्यांचं काय सांगते तुमची विद्या?” आईने विचारलं. तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“बसने येणारे दोन प्रकारचे, वहिनी. एकाला गाडी घ्यायचीच नसते. दुसऱ्याचं कोणती घ्यायची ते लहानपणीच ठरलेलं असतं.”

आई हसली. मुलगी हसली नाही. मामाने नेमकं बोट ठेवलं होतं.

वडील मात्र शेजारच्या एका छोट्या निळ्या गाडीच्या खिडकीत डोकावत होते.

“ही बरी आहे की गं,” ते हळूच म्हणाले. “सगळे कसे जवळजवळ बसतात हिच्यात.”

“मागच्या माणसाला गुडघे पोटाशी घ्यावे लागतात बाबा हिच्यात. ती नाही.”

एक फेरी मारून बघायला मामाने काळ्या गाडीची चावी आणवली. मुलगी दाराकडे वळली मात्र, वडील चटकन पुढे झाले. मागचं डावं दार त्यांनी उघडलं, एक हात दाराच्या वरच्या कडेवर धरला, आत शिरणाऱ्याचं डोकं आपटू नये म्हणून, आणि नजर खाली करून उभे राहिले. ते काही ठरवून झालं नव्हतं. पाऊस आला की माणूस डोक्यावर हात घेतो, तितकंच ते आपोआप झालं होतं.

“वा! ड्रायव्हरकाका, तुम्हीच घ्या मग चावी,” मामा म्हणाला. “मॅडम आणि आईसाहेब मागे बसतील.”

वडिलांचा हात अजून दाराच्या कडेवरच होता.

“ड्रायव्हर आहेतच ते,” आई म्हणाली. “उभ्या जन्मात गाडीला ओरखडा येऊ दिला नाही. पण तुमच्या या मॅडमचे ते वडील लागतात.”

मामाने जीभ चावली. मुलीने त्याच्या हातातून चावी घेतली.

“गाडी मी चालवणार. बाबा मागे बसणार. इथे.”

दाराजवळचा तो डावा कोपरा. साहेबांची जागा. लहानपणी रस्त्याच्या कडेला उभं राहून तिने ती गाडी जाताना पाहिली होती. पुढे बाबा, ताठ. मागे डाव्या कोपऱ्यात साहेब, गादीत रुतलेले, अर्ध्या काचेवर कोपर टेकवून शहर बघत चाललेले. त्या कोपऱ्यात एकदा बाबांना बसवायचं, ही एकच गोष्ट तिने परीक्षेच्या प्रत्येक पहाटे मनाशी घोकली होती. आईला तिने काल स्पष्टच सांगितलं होतं, बाबा मागे बसणार नसतील तर मला गाडी नकोच, कुठलीच नको.

“माझं पोट ढवळतं गं मागे,” वडील म्हणाले.

“कधी बसलात तुम्ही मागे, पोट ढवळायला?” आई म्हणाली. “बसा आता. पोर एवढी म्हणते आहे.”

ते बसले.

गाडी सुरू झाली ते कुणालाच कळलं नाही. झाडं मागे सरकायला लागली तेव्हा कळलं.

“अगं बाई, हिला आवाजच नाही!” नवऱ्याशेजारी बसलेल्या आईने आपल्या बाजूच्या काचेला नाक लावलं. “पाण्यातून चालल्यासारखं वाटतंय.”

खरंच तसं होतं. शहर काचेबाहेर राहिलं होतं, भोंगे आणि धूळ घेऊन, आणि आत नुसता चामड्याचा वास आणि थंडावा. मुलीच्या तळहातांखाली ते मोठं यंत्र शांतपणे श्वास घेत होतं. पुढे रस्ता आपणहून उकलत होता. फळवाल्याने गाडा मागे ओढला. टेम्पो बाजूला झाला. बँकेच्या दारातला पहारेकरी स्टुलावरून उठून ताठ उभा राहिला आणि त्याने चक्क सलाम ठोकला. आत कोण आहे ते कुणी बघत नव्हतं. काळा रंग येताना दिसला की माणसं वाट देत होती, वारा आला की गवत वाकतं तशी.

“मीही केला त्याला सलाम!” आई म्हणाली. “आता घरी गेल्यावर मला बाईसाहेब म्हणायचं, सांगून ठेवते.” मग ती गुणगुणायलाच लागली. लग्नानंतर केव्हातरी, नवरा पहाटे कामाला निघताना तिने स्वतःच जुळवलेली ओवी होती ती.

“सायबाची गाडी बाई, जसा काजळाचा डोह,
त्यात मुखडा पाहाया, माझ्या धन्यालाही मोह.”

वडील दिसावेत म्हणून मुलीने वरचा आरसा वळवला. त्यांच्या तोंडावर जे उमटलं असेल, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता.

ते कोपऱ्यात होते, पण बसलेले नव्हते. सीटच्या कडेवर टेकले होते, पाठ गादीला लागू न देता. काच बंद. बाहेर त्यांचं लक्षच नव्हतं. ते सरळ पुढे बघत होते, तिच्या डोक्यामागे, केसांच्या गाठीकडे.

“आरसा रस्त्याकडे कर,” ते म्हणाले.

“मला तुम्ही दिसायला हवात.”

“मागचा माणूस आरशात दिसता कामा नये. पहिल्या दिवशी तेच शिकवतात. त्याला वाटतं, आपल्यावर नजर आहे.”

“बाबा, मी कुठे तुमच्याकडे नोकरीला आहे?”

तिने मुकाट्याने आरसा वळवला. वडील त्यातून निघून गेले आणि मागचा रस्ता आला.

पुलापलीकडे, सावलीच्या रस्त्याला लागल्यावर त्यांचा आवाज आला.

“थांबव जरा.”

तिने गाडी कडेला घेतली. खरंच पोट ढवळलं असावं, म्हणून आई पिशवीत पाण्याची बाटली चाचपू लागली. वडील उतरले. दार त्यांनी लावलं, इतकं अलगद, की ते लागलं की नाही हेही कळू नये. मग पुढचं दार उघडून ते मुलीच्या शेजारी येऊन बसले.

“घ्या! म्हणजे मी एकटीच साहेब!” आई म्हणाली. पण लेकीचे पडलेले खांदे दिसले तशी तिने बाटली परत पिशवीत ठेवली.

“एवढं एकच मागितलं होतं बाबा तुमच्याकडे,” मुलगी म्हणाली. तिने डोळे रस्त्यावरच ठेवले होते. “एकदा टेकून बसायचं फक्त.”

“चालव तू. चालव.”

तिने गाडी पुढे काढली. पानांच्या सावल्या काचेवरून, तिच्या हातांवरून, वडिलांच्या गुडघ्यांवरून वाहत होत्या. आता ते सीटला टेकून बसले होते, थोडे तिच्याकडे वळून, आणि तिच्याकडे बघत होते. मघाशी गाडीकडे बघत होते तसे नाही. त्याहून कितीतरी अधिक, जणू एवढी मोठी नदी आपल्याच परसातून वाहते हे त्यांना आत्ताच कळलं होतं.

“चालवताना कपाळाला आठी पडते तुझ्या,” ते म्हणाले. “वळण आलं की खालचा ओठ आत घेतेस. तुझी आजी घ्यायची, सुईत दोरा ओवताना. अगदी तश्शी.”

पुढचं वळण आलं आणि तिने ओठ आत घेतला.

“मागून नुसते केस दिसतात गं.”

मग ते समोर रस्त्याकडे बघू लागले.

“साहेबांना बघायला गेलो होतो ना मी, दवाखान्यात. उन्हाळ्यात.”

“आत सोडलं नाही म्हणाला होतात,” मागून आई म्हणाली.

“सोडलं होतं. खाटेसमोर जाऊन उभा राहिलो. शुद्धीत होते. नर्सला नावाने हाक मारत होते, औषधाची चव कशी आहे ते सांगत होते. माझ्याकडे बघितलं. चांगलं बघितलं. ‘या, बसा’ म्हणाले. पण ओळख नव्हती डोळ्यांत. मी नाव सांगितलं नाही. म्हटलं, इतकी वर्षं यांची गाडी चालवली, ओळखतील. वाट बघितली. मग त्यांनाच अवघडल्यासारखं झालं, म्हणून नमस्कार केला आणि निघालो.”

गाडीचा वेग आपोआप कमी झाला होता.

“दाराशी पोचलो, पाठ त्यांच्याकडे झाली आणि मागून हाक आली. ‘अरे, तू आहेस होय!’ रडायला लागले गं. एवढा मोठा माणूस. म्हणाले, मला वाटलं तू येणारच नाहीस.”

“मग?” मुलीने विचारलं.

“मग काय. तसाच उभा राहिलो, दाराकडे तोंड करून. खूप बोललो आम्ही. घरचं, रस्त्यांचं, तुझ्या दवाखान्याचं. पण मी वळलो नाही.” त्यांनी मांडीवरचे हात उलटे करून तळव्यांकडे बघितलं. “वळलो असतो, तर पुन्हा परका झालो असतो.”