एक खिळाही झिजला नाही

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. जुनी म्हणजे वयाने. वापराने म्हणाल, तर माझ्या अंगावरचं कारखान्यातलं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. उजव्या हातावर तळव्याएवढी एक जागा तेवढी उघडी आहे. ती कशी उघडी झाली, तेच मला सांगायचं आहे.

मित्रांनो, जुन्या छत्रीची, जुन्या घड्याळाची, जुन्या फळ्याची कहाणी तुम्ही शाळेत वाचली असेल. ही सगळी मंडळी आपण झिजलो म्हणून गळा काढतात. मला त्यांचा हेवा वाटतो. झिजायलासुद्धा नशीब लागतं.

उत्तरेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. नळ्या वाकवल्या, निळं रेक्झिन शिवलं, मोठी चाकं मागे आणि लहान चाकं पुढे बसवली. जोडणाऱ्या माणसाने मला फरशीवर एक धक्का दिला. मी सरळ भिंतीपर्यंत गेले. "मस्त!" तो म्हणाला. माझ्या चालण्याचं कौतुक झालं ते तेवढंच.

मग ट्रकमधून चोर्ला घाट उतरून मी गोव्यात आले. डिचोली तालुक्यात एका टेकडीवर आमचं कॉलेज आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीची कॉलेजं सुटलो म्हणून हसतील. आमच्या कॉलेजात कार्यक्रमांना तोटा नाही. स्वागत समारंभ, निरोप समारंभ, हा दिन, तो दिन, आणि विद्यार्थी कल्याण कक्ष तर असा उत्साही की एक कार्यक्रम संपला की त्याच मांडवाखाली दुसरा सुरू. त्या कक्षाचे प्रमुख रुद्रेश सर. त्यांनीच वर लिहून, पाठपुरावा करून मला मागवलं. हे त्यांचं खरंच चांगलं काम, मी नाकारत नाही.

शिपाई कृष्णनाथने खोकं उघडलं. तो पेडण्याकडचा. "व्हडली कदेल इली रे!" तो ओरडला. आमच्याकडे खुर्चीला कदेल म्हणतात, जुन्या पोर्तुगीज दिवसांतला शब्द. त्याने प्लास्टिकला नख लावलं, एवढ्यात सर धावत आले.

"प्लास्टिक काडूं नाका! पयलीं उद्घाटन जांव दी. पावण्यांक काय जुनी कदेल दाखवतलों?"

आणि मी तळमजल्यावरच्या, कार्यक्रमांचं सामान ठेवायच्या खोलीत जाऊन बसले. समई, मखमली पडदा, पाहुण्यांचे गालिचे आणि मी. त्या खोलीला एक जनेल आहे, म्हणजे खिडकी. तिथून कॉलेजच्या पुढच्या पायऱ्या दिसतात. त्या खिडकीनेच माझा घात केला. ती नसती तर मला काही दिसलं नसतं, आणि मी सुखाने गंजले असते.

ज्या मुलीसाठी मी आले, तिचं नाव गौरवी. कारापूरची. बारावीची परीक्षा झाल्यावर स्कूटरवरून पडली, पाठीच्या कण्याला मार बसला आणि कमरेखालचं अंग गेलं. घरी तिला पंचायतीतून मिळालेली एक अवजड खुर्ची आहे, पण ती घडी होत नाही, रिक्षात मावत नाही. रिक्षा तिच्या बापाची, सगुणची, साखळीच्या बाजारातली. तो रोज सकाळी तिला रिक्षातून कॉलेजात आणायचा आणि दोन्ही हातांवर उचलून पायऱ्या चढायचा.

एकोणीस वर्षांची मुलगी. पायऱ्यांवर मुलं बसलेली. ती वाईट नव्हती, बाजूला सरायची, एखादा पुढेही व्हायचा. पण गौरवी त्या सगळ्या वेळात बापाच्या खांद्यावर तोंड लपवायची. एकदा मी तिला म्हणताना ऐकलं, "बाबा, माका उचलूं नाका. लोक बघतत."

"बघूं दी. बापाशीक आपल्या चेडवाचो भार जाता काय गे?" सगुण म्हणाला. मुलीचा भार होत नाही म्हणाला, पण त्याला धाप लागली होती.

तिला हवं होतं ते एवढंच. दारापर्यंत यायचं आणि आपल्या हातांनी चाकं फिरवत वर्गात जायचं. आणि माझ्याजवळ ते होतं. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे ती.

पायऱ्यांना लागून चाकांसाठी उतार होता, पक्का सिमेंटचा. पण त्यावर पाहुण्यांच्या स्वागताच्या कुंड्या मांडल्या होत्या. लाल, पिवळी, टवटवीत झाडं. कृष्णनाथ त्यांना न चुकता पाणी घालायचा. कॉलेजात सगळ्यांत नियमित सेवा कोणाला मिळत असेल तर त्या कुंड्यांना.

पाहुणे जूनमध्ये येणार होते. त्यांना सवड झाली नाही. मग चतुर्थी आली, चतुर्थीत कोण येतो? मग निवडणुकीची आचारसंहिता लागली. गौरवीची मैत्रीण पूनम एक दिवस सरांकडे आली. पूनमचे वडील बेळगावकडून इथल्या कारखान्यात कामाला आलेले, आणि पोरगी तोंडाची फटकळ.

"सर, तेवढी खुर्ची द्या की. प्लास्टिक काढत नाही आम्ही. तशीच बसवतो तिला."

"पूनम, ती कार्यक्रमाची वस्तू आहे. उद्घाटनाआधी वापरली तर बरं दिसेल का?"

"मग कार्यक्रम कुणाचा हाय, सर? खुर्चीचा का गौरवीचा?"

सर हसले. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि "तू वक्तृत्व स्पर्धेत नाव दे" असं सांगितलं. आमच्याकडे तक्रार केली की स्पर्धेत नाव जातं.

अखेर डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात मुहूर्त लागला. कार्यक्रम कुठे? पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात. आमच्याकडे लिफ्ट नाही. चार मुलांनी मला उचलून वर नेलं. आमच्या मागून सगुण गौरवीला उचलून वर आला. मित्रांनो, चाकांची खुर्ची आणि तिच्यात बसणारी मुलगी, दोघींना लोकांनी उचलून जिन्याने वर न्यावं, आणि खाली कोणालाच हसू येऊ नये!

आमच्या भागात काहीही नवं सुरू करायचं तर आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. ते कृष्णनाथचं काम, त्याचा आवाज खणखणीत. त्याने माझ्या चाकापुढे विडा आणि नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा महाराजा! आज ह्या कॉलेजीत नवी कदेल इली हा, महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळं सभागृह गरजलं.

"तिका कोणाची नदर लागां नये, तिचो एक खिळोय झिजां नये, ती अशीच नवीकोरी रवां दी, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

देव ऐकतो, मित्रांनो. त्याने ते गाऱ्हाणं शब्दाला शब्द ऐकलं.

फीत कापली. गौरवीला माझ्यात बसवलं. प्लास्टिक तिच्या ओढणीखाली चुरचुर वाजलं. तिने हात खाली नेऊन माझं चाक चाचपलं आणि जरासं फिरवून पाहिलं. मी एक वीतभर पुढे सरकले. तिचा चेहरा उजळला. "पूनम, बघ, चलता!" तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "हालूं नाका." पाहुणे एका बाजूला, सर दुसऱ्या बाजूला, मध्ये ती. फोटो निघाला. ती खरंच हसत होती. त्या फोटोतलं तेवढं एकच खरं होतं.

"फाल्यां धरून वापर हां बाय," सर म्हणाले. उद्यापासून! सगुणने तिला उचललं, मुलांनी मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून वाट पाहत होते. रिक्षा आली. पूनम धावत सरांकडे गेली. सरांच्या हातात पत्र. महिन्याभरात तपासणी समिती येणार होती, कॉलेजला दर्जा देणारी. "समितीला वस्तू नवी दिसली पाहिजे," सर म्हणाले, "एवढे दिवस थांबलात, आता थोड्यासाठी कशाला?" खोलीला कुलूप लागलं.

मला सरांचा राग येतो, पण मी एवढंही म्हणते की ते दुष्ट नव्हते. नवं भांडं पाहुण्यांसाठी राखून, घरच्यांना पोचे आलेल्या भांड्यात वाढणारी माणसं तुमच्या-माझ्या घरांतही असतात. तसेच ते. फक्त इथे भांड्याच्या जागी एका मुलीचे पाय होते.

त्यानंतर काही दिवसांनीच ते घडलं. सकाळची वेळ. कृष्णनाथने उतारावरच्या कुंड्यांना पाणी घातलं. समितीसाठी जरा जास्तच घातलं. पाणी कुंड्यांतून ओघळून पायऱ्यांवर आलं. सगुण गौरवीला घेऊन चढत होता. त्याच्या चपलेचा तळ गुळगुळीत झालेला. मी पाहत होते. मी ओरडले असते, पण मला तोंड नाही.

तो घसरला. पडताना त्याने मुलीला छातीशी धरलं आणि स्वतःचा हात खाली घातला. हाड मोडल्याचा आवाज मी खिडकीतून ऐकला. गौरवीच्या कपाळाला खरचटलं. पोरं धावली, चारी बाजूंनी हात पुढे आले, आणि ती जिवाच्या आकांताने ओरडली, "माका उचलूं नाकात! कोणी माका उचलूं नाकात!"

तेव्हा सरांना मी आठवले. वरातीमागून घोडं. कुलूप उघडलं, कृष्णनाथने मला ढकललं. मी हलेना. इतके महिने पडून राहून माझ्या चाकांतली हवा गेली होती. मला ओढत, खरडत पायऱ्यांपर्यंत आणलं. पुढे उतारावर कुंड्या. मी वरती, गौरवी खाली. पूनम तिच्याजवळ बसून तिचं डोकं मांडीवर घेऊन रडत होती. शेवटी मुलांनीच गौरवीला उचलून रिक्षात ठेवलं. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

त्या दिवसापासून गौरवी आली नाही. सगुणच्या हाताला सळी घातली, पूनम सांगत होती. तो आता मुलीला उचलू शकत नाही, आणि ती आता कोणाला उचलू देत नाही.

समिती आली. माझ्या चाकांत हवा भरली, प्लास्टिक ओल्या फडक्याने पुसलं आणि मला दर्शनी भागात उभं केलं. गेटवर मोठा फलक लागला. त्यावर स्नेहसंमेलनातला तो फोटो: हसणारी गौरवी, तिच्याखाली मी, आणि खाली अक्षरं, 'आमची सेवा, त्यांची भरारी'.

"ही सुविधा कोण वापरतं?" समितीतल्या बाईंनी विचारलं.

"ही आमची गौरवी," सरांनी फलकाकडे बोट दाखवलं.

"आज दिसत नाही?"

"आज जरा घरी काम आहे तिचं."

बाईंनी मान डोलावली आणि त्या पुढे गेल्या. कॉलेजला चांगला दर्जा मिळाला. त्याचाही एक कार्यक्रम झाला.

शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या सणाच्या, आधी एका दुपारी रिक्षा गेटपाशी थांबली. चालवणारा दुसराच कोणी होता. सगुण गळ्यात हात अडकवून शेजारी बसला होता. मागे गौरवी. कॉलेज सोडल्याचा दाखला न्यायला आली होती. घरी बसून बाहेरून परीक्षा देणार, असं तिने ठरवलं होतं. सही करायला ऑफिसात यावं लागेल, असा निरोप गेला. सरांनी कृष्णनाथला किल्ली दिली आणि मला लवकर खाली न्यायला सांगितलं. "कदेल घेवन वच. बेगीन."

आणि मग मित्रांनो, मी एक गोष्ट पाहिली जी विसरता येत नाही. कृष्णनाथने उतारावरच्या कुंड्या उचलून बाजूला ठेवल्या. बस्स. एक चहा पिऊन होईल तेवढा वेळ लागला. इतकंच होतं ते, पहिल्या दिवसापासून. मी उतारावरून खाली आले. सरळ, न अडखळता, कारखान्यात गेले होते तशी. मला वाटलं, आता तरी.

गौरवीने मला पाहिलं. मग मान वर करून गेटवरच्या फलकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कृष्णनाथदादा, ही परत व्हरात," ती म्हणाली. "आनी तो फोटो थंयसून काडात."

"बाय, फोटो कसो काडूं? सर रागार जातले."

"माका उचलूं नाकात म्हणून कितके सांगलंय. आतां उचलून गेटीर टांगलां माका."

पूनम कागद रिक्षाशीच घेऊन आली. गौरवीने गुडघ्यावर ठेवून सही केली. रिक्षा सुरू झाली, तेव्हा तिने एकदम हात बाहेर काढला आणि माझ्या उजव्या हातावरच्या प्लास्टिकमध्ये नख घालून ते टरकन फाडलं. क्षणभर तिचा तळवा माझ्या उघड्या रेक्झिनवर टेकला. उबदार होता. मग रिक्षा टेकडी उतरून गेली.

माझ्या सगळ्या आयुष्यात मी वापरले गेले ते तेवढंच.

कुंड्या संध्याकाळीच परत उतारावर आल्या. फलक अजून तिथेच आहे. उन्हाने गौरवीचा चेहरा पुसट होत चालला आहे. मी मात्र त्यात निळीच्या निळी दिसते. मी पुन्हा समई आणि गालिच्यांच्या सोबतीला आहे, आणि माझा एक खिळाही झिजलेला नाही.

आता इथे माझ्यासारख्यांनी म्हणायचं असतं की मित्रांनो, आम्हाला जपा. मी ते म्हणणार नाही. मला जपून जपूनच तुम्ही मारलंत. मला पावसात न्या, चिखलात न्या, माझं रेक्झिन फाटू द्या, माझ्या चाकांचं रबर झिजून जाऊ द्या. तुमच्या कॉलेजात, दवाखान्यात, पंचायतीत माझी एखादी बहीण प्लास्टिकमध्ये बसून पाहुण्यांची वाट पाहत असेल, तर आजच तिचं प्लास्टिक फाडा. नारळ मागाहून फोडा. देवाला घाई नसते. पायऱ्यांखाली थांबलेल्या मुलीला असते.