हळदीचा धागा

हुडकेश्वरच्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चंद्रभान महाराजांनी मयुरीच्या मनगटावर पिवळा धागा बांधला, तीर्थ शिंपडले आणि धागा बघता बघता लाल झाला.

“गाठीचं विष उतरलं,” महाराज म्हणाले. “पण पंधरा शेक झाल्याबिगर येऊ नका. पहिले यंत्राची आग अंगात जिरू द्या, बाकीचं आमचं तीर्थ पाहून घेते.”

“माही गाठ अर्धी झाली,” मयुरीने सांगितले.

मागे बसलेल्या जयवंताच्या अंगाचा तिळपापड झाला. दोघी उमरेडच्या, शेजारी माग असलेल्या. गर्भाशयाच्या मुखाचा, पुढच्या टप्प्यातला कॅन्सरही दोघींना, आणि धंतोलीच्या दवाखान्यात किरणांचे शेकही एकाच यंत्रावर. मग हिचीच गाठ कशी उतरली? मयुरीचे लुगडे आधी विणून व्हायचे तेव्हाही ती अशीच जळायची. तिनेही धागा बांधून घेतला. तीर्थ रविवारी मिळणार होते. तोवर शेकाआधी थेंबभर पाणी प्यायचे नाही, असे महाराजांनी बजावले होते.

दुसऱ्या दिवशी यंत्राने शेकाआधीचे रोजचे चित्र काढले आणि डॉक्टर अस्मिता आत आल्या. “जयवंताबाई, आज पाणी प्यायला नाहीत?”

“तुमाले मयुरीनं सांगतलं न?”

“चित्रानं सांगितलं.” त्यांनी पडदा वळवला. “लघवीची पिशवी रिकामी आहे. गाठ जागची सरकली आणि आतडं तिथं आलंय. असाच शेक दिला तर आतडं भाजेल. शेक राहत गेले तर गाठ पुन्हा वाढेल.”

“माही कुठी कमी होऊन राहिली, मॅडम? मयुरीचीच होते.”

अस्मितांनी दोन चित्रे शेजारी लावली. पहिल्या दिवशीची गाठ संत्र्याएवढी होती, दुसऱ्या चित्रातली लिंबाएवढी.

“धागा कधी बांधला?”

“काल.”

“हे चित्र परवाचं आहे. गाठ लहान होते तसा आम्ही शेकाचा आकार बदलतो.”

पाणी पिण्याआधी जयवंताने साबणाच्या वडीने हात धुतले, आणि मनगटावरचा धागा लाल झाला. जन्मभर लुगड्यावरचे हळदीचे डाग धुतलेली बाई ती, स्वतःवरच चिडली.

रविवारी ती साबण घेऊनच हॉलमध्ये उभी राहिली. सगळ्यांसमोर तिने दुसरा हळदीचा धागा साबणावर घासून लाल केला.

“तुमच्या तीर्थात चुना हाय, महाराज. आन पंधरा शेकानंतरच काहून बलावता? गाठ तवाच उतराले लागते म्हून न?”

महाराजांना अचानक समाधी लागली.

हे वाचणाऱ्या बायांनो, मोरीत रोज दिसणाऱ्या रंगाला कुणी चमत्कार म्हटले, तर आधी साबण लावून पाहा. शेक मात्र एकही चुकवू नका.

सोमवारी दोघी दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसल्या आणि पाण्याच्या बाटल्या तोंडाला लावल्या. जयवंताची आधी रिकामी झाली. तिने मयुरीकडे पाहून घेतले.